सगळे मेजर आणि एक सुईबाई

रानात कापलेली तंबाखू आडवी पडली की आमच्या गावात परका माणूस टिकत नाही. पहिल्या दिवशी वास हिरवा असतो, ओल्या सालीसारखा. चार दिवस ऊन खाल्लं की गोड होतो, काकवीसारखा. आठवड्यानं तो घशात जाऊन बसतो आणि शिमग्यापर्यंत उठत नाही. कोगनोळीच्या नाक्याकडं जाणाऱ्या मोटारी आमच्या शिवाराजवळ आल्या की काचा वर करतात. करू देत. त्यांच्या खिशातली पुडी कुठल्या रानातनं येते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

यंदाही वास आला. मी रानातनं येऊन उंबऱ्यावर टेकलो, हात चिकानं काळे, आणि आतनं कुणी विचारलं नाही, "हात धुतलं का?" बाकी सगळं दरवर्षीसारखंच.

माझी बायको इंदू श्रावणात गेली. ती सैन्यात होती. हे वाक्य मी पुष्कळ माणसांपुढं बोललोय आणि दरवेळी समोरचा माझी चूक दुरुस्त करतो. "म्हणजे मिस्टर सैन्यात होते." नाही. मिस्टर म्हणजे मी. मी तंबाखूत होतो. सैन्यात बायको होती. लष्कराच्या दवाखान्यात नर्स, पण नर्स म्हणजे तुम्हाला वाटते ती नव्हे, खांद्यावर तारे असलेली. लेफ्टनंट म्हणून लागली आणि मेजर होऊन घरी आली. कॅप्टन असताना तिच्या खांद्यावर तीन तारे होते. मेजर झाली तेव्हा तारे गेले आणि सिंहाचं एकच चिन्ह आलं. मी विचारलं, "तीनाचं एक झालं, म्हणजे उतरीवलं का काय तुला?" त्यावर ती इतकी हसली की तिच्या हातातली चहाची कपबशी हिंदकळली. असला माझा अडाणीपणा. पण निदान मी विचारलं तरी. गावानं तेवढंही विचारलं नाही.

आमच्या भागात मिलिटरीतनं आलेला कुठलाही गडी मेजर असतो. शिपाई असो, ड्रायव्हर असो, नाहीतर लंगरात जन्मभर डाळ ढवळलेला असो. काळी ट्रंक घेऊन एसटीतनं उतरला की चावडीवरची माणसं सरकून जागा करतात. "या मेजर, बसा मेजर, कवा आलासा मेजर?" गावात असे दहा-बारा मेजर आहेत. एकजण तर भरती होऊन ट्रेनिंगमधनंच पळून आलेला, त्यालाही मेजर म्हणतात आणि तो ओ देतो. खरोखरची मेजर गावात एकच होती. तिला म्हणायचे सुईबाई. निवृत्त झाल्यावर आमच्या सोप्यात बसून ती गरिबागुरिबांना इंजेक्शन द्यायची, जखमा धुवायची, रक्तदाब बघायची, म्हणून सुईबाई. माणसाला फुकट मिळालेल्या गोष्टीचं नाव ठेवायची अक्कल नसते.

ती माझ्या मामाची मुलगी. लहानपणीच मामानं माझ्या आईला शब्द दिलेला. पुढं ती बेळगावात नर्सिंग शिकली आणि तिथनं परस्पर सैन्यात गेली. तिच्या खांद्याला तारे लागले तसा मामा घाबरला. लेफ्टनंट पोरीला आता कोण करून घेणार? आलेली स्थळं अंगणातनंच परत जायला लागली. मास्तर, तलाठी, वकील, सगळी शिकलेली माणसं. बायकोला कुणीतरी सलाम ठोकतंय हे शिकलेल्या माणसाला सोसत नाही. शेवटी शब्दाला बांधलेला मी उरलो, चौथी नापास, तंबाखूच्या चिकानं नखं काळी झालेला. मला लाज नव्हती, कारण मला कळतच नव्हतं. पुष्कळ वर्षांनी मी तिला विचारलं, "तू का गं हो म्हणालीस?" ती पट्ट्या कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही खोटं बोलत न्हाय, एवढं ठावं हुतं."

हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढं ते माझ्या तोंडावर येऊन आपटणार आहे.

ती नोकरीवर, मी रानात, आणि आमची पोर शोभा माझ्या आईच्या पदराखाली. असं वीस-बावीस वर्षं चाललं. मी पत्रं लिहायचो. चौथी नापास माणसाची पत्रं कशी असतील ते तुम्ही समजा. पहिल्या पत्रात वर लिहिलं, "चि. सौ. इंदूमती हीस". आठ-दहा दिवसांनी तिचं पत्र आलं आणि त्यात माझंच पत्र घडी करून घातलेलं. सगळ्या चुकांभोवती तांबड्या पेन्सिलीची गोलं. पहिलं गोल तिच्याच नावाला. खाली लिहिलं होतं, "एकटी असले की इंदू दीर्घ. पुढं काही जोडलं की ऱ्हस्व. इंदुमती." मला राग आला. मग वाटलं, बरोबर आहे. बायको एकटी होती तेव्हा दीर्घ होती, आता पुढं मला जोडलंय. हे मी तिला कधी सांगितलं नाही. माझी शाळा अशी टपालानं झाली. आज हे लिहितोय ते त्या तांबड्या गोलांच्या जिवावर. चुका दिसल्या तर गोल करायला आता कोणी नाही.

सुट्टी ती बरोबर सुगीत घ्यायची. बाकीच्या अधिकारीण बाया सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी जात असतील. ही पठाणकोटहून रेल्वे बदलत बदलत यायची ती तंबाखूच्या शिवारात. वाळलेलं पान भल्या पहाटे उचलायचं असतं, दव अंगावर असतं तोवर. तेव्हा ते मऊ असतं, कापडासारखं. ऊन वर आलं की हात लावाल तिथं त्याचा भुगा होतो. त्या धुक्यात ती तिचा जुना हिरवा स्वेटर घालून वाकलेली असायची आणि तिच्या तोंडातनं वाफ निघायची. मला लांबनं ती बाई वाटायची नाही आणि बाप्याही वाटायची नाही. पहाऱ्यावरचं कोणीतरी वाटायची.

रानातनं आली की हात धुवायची. त्याला धुणं म्हणत नाहीत, ती पूजा होती. चिंचेच्या कोळानं आधी चीक काढायचा, मग साबण, मग ब्रशनं नखं, मग कोपरापर्यंत पाणी, आणि हात वर धरून थेंब कोपरावरनं खाली गळू द्यायचे. आमची आई म्हणायची, "ही काय आता पोट फाडणार हाय व्हय कुणाचं?" मला सवय लागली. आता घरात एकटा असूनही मी कोपरापर्यंत धुतो.

मजुरीला आलेल्या बायकांना ओल्या पाल्यानं उलट्या व्हायच्या, डोकं गरगरायचं. बायका म्हणायच्या बाधा झाली. मुकादम म्हणायचा नखरे करतात. इंदू म्हणाली, पाल्याचं विष कातडीतनं आत जातंय, हाताला फडकी बांधा, पूर्ण बाह्यांची झंपरं घाला. गावातल्या शहाण्यांनी टिंगल केली. "सुईबाई तंबाखूलाबी इंजेक्शन देणार बघ." सात पिढ्या तंबाखू केली आणि आपल्याच बायका कशानं ओकतात ते ठाऊक नाही, अशी ही शहाणी माणसं. ज्या बायकांनी फडकी बांधली त्या ओकल्या नाहीत. त्याबद्दल कुणी तिला शाल घालून पाठ थोपटली असं मला आठवत नाही.

मी तिच्या छावणीत एकदाच गेलो. गेटवरच्या जवानानं विचारलं, "किससे मिलना है?" मी म्हटलं, कॅप्टन इंदुमती. त्यानं माझ्या चपला बघितल्या आणि मला पेशंटांच्या नातेवाइकांच्या बाकावर बसवलं. तासभर बसलो. मग ती आतनं आली, पांढऱ्याशुभ्र गणवेशात, आणि त्या जवानानं टाच आपटून सलाम ठोकला. मला वाटलं आम्हा दोघांना ठोकला. मीही हात कपाळाला लावला. तिनं हळूच माझा हात धरून खाली घेतला. "तुम्ही न्हाय करायचा." जवान हसला नाही. शिस्त म्हणजे ती. आमच्या चावडीवरचा एखादा असता तर वर्षभर नक्कल केली असती.

लढाईच्या वेळी दवाखान्यात काढलेल्या रात्रंदिवसांविषयी ती बोलायची नाही. एकच गोष्ट तिनं सांगितली, तीही सुगीत, पाला गोळा करता करता. चिकोडीकडचा एक जवान आणलेला. त्याचं सगळं शरीर पट्ट्यांत होतं आणि तो एकच काहीतरी मागत होता. डॉक्टर पंजाबी, बाकी नर्सा केरळच्या, कुणाला कळेना. ही जवळ गेली तर तो म्हणत होता, "नीरु कोडु अक्का." पाणी दे अक्का. हिनं कापूस भिजवून ओठाला लावला आणि कानडीत बोलत बसली, काय बोलली असेल तर पाऊसपाणी, बाजार, तंबाखूचा दर. दोन दिवस बोलली. मग बोलायला कोणी उरलं नाही. पुढं निवृत्त झाल्यावर दर सुगीत ती चिकोडीच्या एसटीत बसायची आणि त्याच्या आईला भेटून यायची. पानं उचलत उचलत तिनं एवढं सांगितलं आणि म्हणाली, "तिकडचा ढीग झाका, ऊन आलं." ह्या मुलखात कानडी-मराठीवरनं घसा कोरडा करणारे पुष्कळ बघितले. कोरड्या घशात पाणी घालणारी मी एकच बघितली.

आता निपाणीचं सांगतो. ती घरी आली त्या पहिल्याच सुगीतलं. सव्वीस जानेवारीला कुठल्याशा मंडळानं माजी सैनिकांचा सत्कार ठेवला होता. तिला छापील पत्र आलं, "मेजर आय. डी. चौगुले, सपत्नीक यावे." आम्ही गेलो. ती साध्या सुती साडीत, मी धुतलेल्या धोतरात. स्टेजवरनं पुकारा झाला, "मेजर आय. डी. चौगुले." ती उठली. मी तिच्याशेजारी, म्हणून मीही उठलो. बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता धावत आला आणि त्यानं माझा हात धरला. "या मेजरसाहेब." मला वर नेलं, मधल्या खुर्चीवर बसवलं, आणि एकजण माझ्या डोक्याला फेटा बांधायला लागला. गुलाबी, सोनेरी काठाचा. इंदू कडेला उभी. पुढाऱ्याची बायको तबक घेऊन आली आणि तिनं इंदूच्या कपाळाला कुंकू लावून तिची ओटी भरली, खण, नारळ, तांदूळ. निवेदक माईकवर सांगत होता, "सीमेवर लढणाऱ्या जवानामागं खंबीर उभ्या राहणाऱ्या आमच्या ह्या माता." टाळ्या पडल्या. पुढारी माझ्या कानात म्हणाला, "कुठल्या बॉर्डरला हुता मेजर?"

मी त्याला सांगायला पाहिजे होतं, मी आमच्या बांधावर होतो. मी गप्प बसलो.

का गप्प बसलो ते आडवळणानं सांगत नाही. मला गोड लागलं. लग्नानंतर माझ्या डोक्याला कुणी फेटा बांधला नव्हता. चावडीवर मी आलो म्हणून कधी कोणी सरकलं नव्हतं. आणि इथं अख्खं निपाणी टाळ्या वाजवत होतं. दुसऱ्याच्या ताटातलं जेवताना चव लागत नाही म्हणतात, ते खोटं आहे. चांगली लागते.

परत येताना एसटीत तिच्या मांडीवर ओटीचे तांदूळ आणि माझ्या डोक्यावर तिचा फेटा. मी म्हटलं, "त्यांची चूक झाली गं." ती खिडकीतनं बाहेर रानातली आडवी तंबाखू बघत होती. म्हणाली, "शोभतोय तुमास्नी. सुटतोय बघा मागनं, धरा." घरी येऊन तिनं तांदूळ कोंबड्यांना टाकले आणि खण तंबाखूवाल्या बायकांना हातावर बांधायला फाडून दिला. फोटो आला तेव्हा मात्र स्वतः खिळा ठोकून भिंतीवर लावला. "घरात एक मेजर पुरे हुता, आता दोन झालं." हसत म्हणाली का कशी, ते मी इतकी वर्षं ठरवतोय.

ती गेली तेव्हा गावातल्या बायका जमल्या. हिरवी साडी नेसवली, कपाळ भरून कुंकू लावलं, ओटी भरली. सगळ्यांचं एकच, "भाग्याची गं बाई, नवऱ्याच्या आधी गेली, सवाष्ण गेली." तिच्या ट्रंकेत तिची टोपी होती, छातीला लावायच्या पट्ट्या होत्या. मी म्हटलं, ह्या तिच्या अंगावर ठेवा. एकजण म्हणाली, "आप्पा, बाईच्या सरणावर टोपी कुटं ठेवत्यात व्हय?" मरणाऱ्यांचे हात धरून तिचा जन्म गेला, आणि तिचं भाग्य काय, तर मी अजून मेलो नव्हतो. मी टोपी परत ट्रंकेत ठेवली. त्या दिवशीही गप्प बसलो. गप्प बसायला माझं तोंड चांगलं सरावलेलं होतं.

मग ह्या मार्गशीर्षात बाळूअण्णा आला. बाळूअण्णा म्हणजे आमच्या गावच्या मयत सुभेदाराचा मुलगा आणि सगळ्या कमिट्यांचा अध्यक्ष. गावच्या वेशीत माजी सैनिकांच्या नावांचा दगड उभा करायचा, सव्वीस जानेवारीला उघडायचा. नावं घ्यायला आलेला.

"आमचं बाबा वर येणार आप्पा. सुभेदार म्हंजे सगळ्यांत मोटं."

"इंदूचं घे," मी म्हटलं.

"काकींचं?" त्यानं पेन थांबवलं. "काकींचं कसं घ्यायचं? त्या दवाखान्यात हुत्या."

"कुणाच्या दवाखान्यात?"

"मिलिटरीच्या. पर दवाखाना त्यो दवाखाना. बंदूक कुटं धरली त्यांनी?"

"तुझ्या बाबानं कुटं धरली? जन्मभर गोदामात घोंगड्यांवर बसला."

तो हसला. अध्यक्ष लोकांना राग येत नाही, ते हसतात. मग त्यानं भिंतीकडं बोट केलं. "आप्पा, ह्ये बघा. सत्कार तर तुम्हीच घेटलाय. शाल तुमच्या खांद्यावर, फेटा तुमच्या डोसक्यावर, आणि काकींच्या वटीत नारळ. मेजर कोण दिसतंय ह्यात? उद्या कुणी इचारलं तर मी काय दावू? वाटलं तर कडंला एक बारकी फरशी बसवतो. आरोग्यसेविका म्हणून."

तो गेला. मी फोटोखाली बसून राहिलो. त्या गुलाबी फेट्याखालचा थोबाड फुगवलेला माणूस बघून मला ओकारी आली, ओला पाला उघड्या हातानं उचलल्यावर येते तशी.

शोभा पिरनवाडीला असते, कारखान्याच्या कचेरीत कामाला आहे. तिला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आप्पा, आई त्या फेट्याबद्दल माझ्याजवळ बोललेली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुझ्या बापाला जन्मात पयल्यांदा कुणीतरी मान दिला. माझ्याजवळ लई हाय. मी कशाला मोडू?"

मग शोभाच म्हणाली, "तिनं मोडला न्हाय. आता तुम्ही मोडा की."

दगड आला तोवर गावात दुसरंच भांडण पेटलं. वरची पहिली ओळ कानडीत का मराठीत? दोन बैठका झाल्या, एकाची कॉलर फाटली. शेवटी मिटेना म्हणून सगळ्यांत वरची ओळ कोरी ठेवली आणि खाली सुभेदारापासून नावं कोरली. दगडावर काय लिहायचं ह्याच्यावर भांडले, कोण लिहायचं राहिलंय ते एकानंही वाचलं नाही. ट्रेनिंगमधनं पळून आलेल्याचं नाव होतं. इंदूचं नव्हतं.

सव्वीस जानेवारी आली. मांडव, माईक, पावडर लावलेले पाहुणे. सगळ्यावर तंबाखूचा वास, आणि पाहुणे रुमालात शिंकतायत. जिवंत सैनिकांना फेटे बांधले. मेलेल्यांच्या बायकांना साडी-नारळ दिलं. ज्यांचे मालक जिवंत त्यांची ओटी भरली. मग बाळूअण्णानं पुकारलं, "गावचे ज्येष्ठ नागरिक दत्ताआप्पा चौगुले." माझं तोंड बंद राहावं म्हणून. मी वर गेलो. परत फेटा, परत गुलाबी. मी बांधणाऱ्याचा हात धरला. माईक समोरच होता.

"ह्यो फेटा माझा न्हाय," मी म्हटलं. "निपाणीतला बी माझा न्हवता. मी कवा सैन्यात न्हवतो. लोकांनी चुकून बांधला आणि मला गोड लागला म्हणून मी गप बसलो. सैन्यात माझी बायको हुती. इंदू. मेजर. तुम्ही म्हणता तसली न्हवं, खरी. म्हंजे सैनिकाचं कुटुंब मी. सैनिकाच्या कुटुंबाची तुम्ही ओटी भरतासा. भरा."

आणि मी खांद्यावरच्या उपरण्याचं टोक दोन्ही हातांनी पुढं पसरलं, बायका पदर पसरतात तसं.

मांडव हसला. आधी पोरं हसली, मग मेजर हसले, दहा-बारा सगळे. तबकवाल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. बाप्याची ओटी भरायची कशी, आणि ज्याची बायको मेलीय त्याची तर कशी? विधवेची भरत नाहीत. ह्याची भरली तर पाप कुणाला? मी तसाच उभा. हात खाली घेतले नाहीत.

पहिल्या रांगेतनं गंगाआक्का उठली. बाळूअण्णाची आई, सुभेदाराची विधवा. काठी टेकत वर आली. सुभेदार गेल्यापासून त्या तबकाला तिला कुणी हात लावू दिला नव्हता. तिनं तबकातले तांदूळ ओंजळीनं उचलले आणि माझ्या उपरण्यात टाकले. मग नारळ, मग खण. "नीट धर रं, सांडतंय," म्हणाली. पाच वर्षं इंदूनं तिच्या पायाची जखम धुतली होती, रोज.

मग ती मुलाकडं वळली. माईक तसाच चालू. "बाळू, मेजर मोटा का सुभेदार मोटा?"

बाळूअण्णा हसला नाही.

"तुझा बा इंदू समोरनं आली की दुसऱ्या गल्लीनं जायचा. का, ठावं हाय? हात वर करावा लागतोय म्हणून. बाईला सलाम ठोकाय लागतोय म्हणून म्हातारपणी एवढा वळसा घालून चालायचा. मला घरात येऊन सांगायचा. वरची वळ मोकळी हाय न्हवं? तितं घाल तिला. दोन्ही भाषेत घाल, म्हंजे तुमची बोंबबी मिटंल."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते बरं झालं. टाळ्यांचा मला वीट आलाय.

पाथरवटानं आठवड्यात नाव कोरलं. सगळ्यांच्या वर, एका ओळीत, आधी कानडी का आधी मराठी हे मी विचारलं नाही. आय. डी. लिहू नको, पूर्ण नाव लिही, एवढं बजावलं होतं. नाव आलं म्हणून मी गावाचा आभारी नाही. चोरानं वस्तू परत केली तर त्याला शाल घालत नाहीत. मलासुद्धा घालत नाहीत, कारण त्या चोरांत मी पहिला. घरातला फोटो मी काढून ठेवलाय. खिळ्याला आता तिची टोपी आहे. आता गावात काहीजण, गमतीनं का होईना, आमच्या घराला मेजरचं घर म्हणतात. पण चावडीवर अजूनही तेच. "सुईबाईचं नाव लागलं की वर." असू दे. मूर्खाला एका सुगीत अक्कल येत नसते.

काल पहाटे पाला उचलून झाल्यावर घरी आलो, कोपरापर्यंत हात धुतले, आणि दगड बघायला एकटाच वेशीत गेलो. दव पडून दगड ओला होता. कानडी मला वाचता येत नाही, ते बरोबर असेल. मराठी वाचलं. मेजर इंदूमती दत्तात्रय चौगुले.

दू दीर्घ काढलाय.

एकटी असली की दीर्घ. पुढं काही जोडलं की ऱ्हस्व. साऱ्या गावात हे ठाऊक असणारा आता मी एकटाच. पाथरवटाला काय, एकानंही वाचताना ओळखलं नाही. मी घरी आलो, ट्रंकेत तिची तांबडी पेन्सिल शोधली, बोटाएवढीच उरलीय. परत गेलो, उपरण्यानं दगड पुसून कोरडा केला, आणि त्या अक्षराभोवती गोल काढलं.